चूक कुणाची हे नंतर, आधी ती झाली कशी: रुग्णालयातल्या सुरक्षेचं प्रशिक्षण नेमकं काय शिकवतं

इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात, लाल टोपणाच्या आणि नारिंगी टोपणाच्या. ज्या बाटलीत दर मिलिलिटरला 40 युनिट इन्सुलिन असतं तिच्यासाठी लाल आणि 100 युनिटवाल्या बाटलीसाठी नारिंगी. आपल्याकडे दोन्ही सर्रास वापरात आहेत. आता समजा, डॉक्टरांनी 20 युनिट लिहिलं, बाटली 40ची आली आणि हाताशी नारिंगी सिरिंज होती. सिस्टरने डोळ्यांत तेल घालून अगदी 20च्या रेघेपर्यंत औषध भरलं, तरी पेशंटच्या अंगात फक्त 8 युनिट जातात. याच्या उलट झालं, म्हणजे बाटली 100ची आणि सिरिंज लाल, तर त्याच 20च्या रेघेला 50 युनिट जातात. साखर झपाट्याने उतरते, पेशंट घामाघूम होतो, गुंगीत जातो. रात्रीची वेळ असेल तर तो शांत झोपलाय असंच सगळ्यांना वाटतं.

यात सिस्टरने डोस बरोबर वाचला, रेघ बरोबर पाहिली, वेळेवर इंजेक्शन दिलं. तिला मेमो दिला, तिची बदली केली, तरी त्या कपाटात दोन्ही सिरिंजा तशाच शेजारी-शेजारी राहणार आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या तरी हातून हेच होणार. रुग्णसुरक्षेचं प्रशिक्षण सुरू होतं ते इथून. मुंबईतल्या रुग्णालयांमध्ये मी हे वर्ग घेते. सिस्टर, वॉर्डबॉय, फार्मासिस्ट, निवासी डॉक्टर, कधी बिलिंगवालेसुद्धा समोर असतात. बहुतेकांची पहिल्या दिवशीची समजूत एकच असते: आता नीट काम करा म्हणून लेक्चर मिळणार. या क्षेत्राचं म्हणणं मात्र वेगळं आहे. माणसं बहुतेक वेळा नीटच काम करत असतात. चूक होऊ शकेल अशा जागा कामाच्या रचनेतच असतात. त्या शोधायच्या कशा आणि बुजवायच्या कशा, हे शिकवणं म्हणजे हे प्रशिक्षण.

गुणवत्ता आणि सुरक्षितता हे शब्द जोडीने येतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. पेशंटला जे मिळायला हवं ते, हवं तेव्हा, हवं तसं मिळालं का, ही गुणवत्ता. आणि ते मिळताना त्याला टाळता येण्यासारखी इजा झाली नाही ना, ही सुरक्षितता. गुणवत्ता मोजायची कशी, याचं उत्तर एव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टर-अभ्यासकाने 1966 मध्ये मांडलं आणि ते अजून वापरात आहे. तीन गोष्टी बघा म्हणाले: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. वॉर्डात हात धुवायला बेसिन आणि हँडरब आहे का, ही रचना. लोक खरोखर हात धुतात का, ही प्रक्रिया. पेशंटला रुग्णालयात येऊन नवा जंतुसंसर्ग झाला का, हा परिणाम. आपल्याकडे पहिल्या गोष्टीवर पैसा खर्च होतो, तिसरीवर भांडणं होतात, आणि मधली बघायला कुणाला वेळ नसतो.

हा विषय आला कुठून

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1999 मध्ये एक अहवाल काढला. उपचारांतल्या चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसं दगावत असावीत, असा त्यात अंदाज होता. जगभर खळबळ उडाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आज जगात उपचार घेणाऱ्या साधारण दहातल्या एका रुग्णाला त्या उपचारांदरम्यान काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. 2019 पासून 17 सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो, तो या आकड्यांमुळे.

पण मुंबईकरांना हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. 1986 च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं आणि त्याने त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्या चौकशीतून जे पुढे आलं, ते एका माणसाच्या एका चुकीपुरतं नव्हतं. औषधाची खरेदी, पुरवठादाराची निवड, तपासणी, सरकारी देखरेख, रुग्णालयाचं प्रशासन, अशी दारं एकामागून एक उघडी सापडली. त्यातलं एक जरी दार बंद असतं, तरी ती बाटली पेशंटच्या उशाशी पोचली नसती. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलामुलींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरी मी हा विषय घेतेच. ज्या शहरात आपण काम करतो तिथे हे घडून गेलंय, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

अशा घटना समजून घ्यायला जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक चित्र दिलं. भोकं असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक उभ्या करा. प्रत्येक चकती म्हणजे एक बचाव: फार्मासिस्टची तपासणी, सिस्टरची खात्री, डॉक्टरांचा राउंड, पेशंटला विचारलेला प्रश्न. प्रत्येक चकतीला भोकं आहेतच, पण ती एका रेषेत नसल्यामुळे चूक कुठे ना कुठे अडते. ज्या दिवशी सगळी भोकं एका रेषेत येतात, त्या दिवशी ती आरपार जाते. त्या वेळी शेवटच्या चकतीपाशी जो उभा असतो, तो पकडला जातो. वॉर्डात ही शेवटची चकती बहुतेक वेळा सिस्टर असते.

वर्गात काय घडतं

पहिला धडा ओळखीचा. समजा, फीमेल वॉर्डात दोन सुनीता जाधव आहेत. एकीला रक्त चढवायचंय, दुसरीला उद्या डिस्चार्ज आहे. सिस्टर बेडपाशी जाऊन विचारते, "सुनीता जाधव ना?" पेशंट मान डोलावते. ती तापात असली, तिला ऐकू कमी येत असलं किंवा नुसतीच घाबरलेली असली, तरी मान डोलावणारच. पांढऱ्या कोटातल्या माणसाला नाही म्हणायची आपल्या लोकांना सवय नाही. म्हणून नियम असा की प्रश्न उघडा हवा: "तुमचं पूर्ण नाव सांगा." मग हातातल्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक केसपेपरशी जुळवायचा. किमान दोन खुणा, आणि बेड नंबर ही त्यातली एक कधीच नाही, कारण बेड बदलतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वर्गात आम्ही दोघींना पेशंट करतो, एकीला सिस्टर करतो आणि मागून कुणीतरी "सिस्टर, जरा इकडे" म्हणून हाक मारत राहतं. अशा वेळी दहा वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरसुद्धा घाईत "तुम्हीच ना त्या?" असं विचारून जातात. सवय किती खोल असते ते तिथे कळतं.

दुसरा धडा ओव्हरचा, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरकडे सोपवण्याचा, आणि मुंबईत तो फार महत्त्वाचा आहे. दुपारी दोनच्या सुमाराला सकाळची पाळी सुटते. सुटणाऱ्या सिस्टरला विरार नाहीतर बदलापूरची गाडी पकडायची असते, घरी मूल शाळेतून यायचं असतं. येणारी सिस्टर गाडी लेट झाल्यामुळे धापा टाकत आलेली असते. या दोघींच्या मधल्या चार-पाच मिनिटांत तीस पेशंटची माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायची असते. "12 नंबर ठीक आहे, 13चं सलाईन संपत आलंय, 14ला बघून घे." 14ला नेमकं काय बघायचं, ते गाडीत बसल्यावर आठवतं. म्हणून ओव्हर बेडपाशी उभं राहून, पेशंटसमोर, ठरलेल्या क्रमाने द्यायची. पण माझ्या मते निव्वळ हे शिकवून भागत नाही. दोन पाळ्या पंधरा मिनिटं एकमेकींवर चढलेल्या असतील असं वेळापत्रक प्रशासनाने आखलं पाहिजे आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार दिला पाहिजे. गाडी चुकेल या धास्तीत असलेल्या बाईकडून सविस्तर ओव्हरची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

डॉक्टरांना फोन करायचीही एक रीत शिकवली जाते. तिचं मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमध्ये आहे. तिला एसबार म्हणतात: स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, सूचना. रात्री तीन वाजता "सर, 12 नंबरला बरं वाटत नाहीये, जरा येता का?" असं म्हटलं, की पलीकडून "सकाळी बघतो" असंच येणार. त्याऐवजी असं सांगायचं: "सर, मेल मेडिसिनमधून सिस्टर बोलतेय. 12 नंबरच्या पेशंटचा श्वास मिनिटाला 32 झालाय, ऑक्सिजन 88वर आलाय. काल न्यूमोनियासाठी ॲडमिट झालेत, वय 58, डायबेटिस आहे. संध्याकाळपेक्षा तब्येत नक्की बिघडली आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर ऑक्सिजन वाढवते, आणखी काही करू का?" अर्ध्या मिनिटाचं बोलणं. यातला तिसरा भाग, म्हणजे स्वतःचा अंदाज सांगणं, आमच्या सिस्टरना सगळ्यात जड जातो. आयुष्यभर त्यांना शिकवलेलं असतं की अंदाज बांधणं हे डॉक्टरांचं काम. आणि डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर ते लिहून घ्यायचं, परत वाचून दाखवायचं आणि "हो, बरोबर" ऐकूनच फोन ठेवायचा.

हात धुण्याबद्दल थोडक्यात. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये दाखवून दिलं की डॉक्टरांनी हात नीट धुतले की बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. तेव्हापासून हे माहीत आहे. हँडरबने 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद. पेशंटला हात लावायच्या आधी, निर्जंतुक कामाच्या आधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. हे सगळ्यांना पाठ असतं. आडवं येतं ते भलतंच काही: बाटली रिकामी असते किंवा पार वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेली असते.

शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची एक यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ऑपरेशन थिएटरमधून बाहेर न्यायच्या आधी ती मोठ्याने वाचायची. आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, त्यात नवी दिल्लीही होती. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आल्याचं दिसलं. एका कागदाने हे कसं झालं? त्या यादीत एक साधा मुद्दा आहे: खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा तोंड उघडणं सोपं जातं. "सर, गॉजचा एक तुकडा कमी भरतोय" हे वाक्य त्यामुळे वेळेवर बाहेर पडतं. पण शस्त्रक्रिया संपल्यावर बाहेर बसून एका दमात सगळ्या चौकटींत खुणा केल्या, तर त्या कागदाची किंमत शून्य. प्रशिक्षणात हा फरक प्रत्यक्ष करून दाखवावा लागतो.

मग येतात जागेचे धोके. मुंबईतल्याच एका रुग्णालयात जानेवारी 2018 मध्ये रुग्णासोबत आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, यंत्राने तो खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही चालू असतं, रात्रीसुद्धा. हे तंत्रज्ञाला माहीत असतं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना आणि नातेवाइकांना कुणी सांगितलेलं असतं का? आगीचंही असंच आहे. 2021 मध्ये भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला अतिदक्षता विभागाच्या आगीत 15 रुग्ण गेले. वर्गात मी एकच प्रश्न विचारते: तुमच्या वॉर्डाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करायचा अधिकार कुणाला? बऱ्याचदा सगळे एकमेकांकडे बघतात. मग वर्ग तिथेच थांबवून आम्ही सगळे व्हॉल्व्ह बघायला जातो.

बोलायची हिंमत

टेनेरिफच्या विमानतळावर 1977 मध्ये दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. धावपट्टी मोकळी झाली नसावी अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टन ज्येष्ठ, अनुभवी, नावाजलेले. त्यांनी ती बाजूला सारली आणि तो पुढे बोलला नाही. त्यानंतर विमानकंपन्यांनी वैमानिकांना एकत्र काम करायचं, कनिष्ठांचं ऐकायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. रुग्णालयांनी ते त्यांच्याकडून घेतलं.

आमच्या वर्गात ते तीन पायऱ्यांनी शिकवलं जातं. आधी: "सर, मला जरा काळजी वाटतेय." ऐकलं नाही तर: "सर, मला हे बरोबर वाटत नाहीये." तरीही नाही, तर: "सर, थांबा. पेशंटला धोका आहे." तिसरं वाक्य उच्चारलं गेलं की खोलीतलं काम थांबलंच पाहिजे, मग बोलणारी व्यक्ती कुणीही असो. सरावात हे वाक्य म्हणताना कित्येक मुलींचा आवाज कापतो. त्यांना सगळ्यात जास्त धीर येतो तो युनिट हेड स्वतः वर्गात येऊन "मला थांबवलंत तर मी रागावणार नाही" असं सगळ्यांदेखत म्हणतात तेव्हा. ज्येष्ठ डॉक्टर प्रशिक्षणाला आलेच नाहीत, तर हा धडा नुसता कागदावर राहतो. माझा आग्रह असतो की सर्जन आणि स्क्रब नर्स एकाच वर्गात, एकाच बाकावर बसले पाहिजेत.

चुकलं ते लिहायचं

पुढचा भाग नोंदींचा. जी चूक पेशंटपर्यंत पोचायच्या आधी पकडली गेली, ती थोडक्यात टळलेली घटना. जिने इजा झाली, ती प्रतिकूल घटना. आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व, चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया यांसारखी भयंकर गोष्ट झाली, तर ती सेंटिनल घटना. सगळ्यात मोलाची पहिली, कारण तिच्यात कुणाला इजा न होता भोक दिसतं. पण तीच लिहिली जात नाही. "काही झालं नाही ना, मग कशाला?"

लिहायची भीती खोटी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास शिक्षा आहे. डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांपर्यंत, इतरांसाठी पाच वर्षांपर्यंत. त्यात नातेवाइकांचा उद्रेक आणि मोबाइलवरचे व्हिडिओ. म्हणून प्रशिक्षणात तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. अनवधानाने झालेली चूक: माणसाला आधार द्या, रचना सुधारा. सगळेच घेतात म्हणून घेतलेला शॉर्टकट: समजावून सांगा आणि तो का घ्यावासा वाटतो ते शोधा. जाणूनबुजून, धोका दिसत असताना केलेला बेदरकारपणा: इथे कारवाई झालीच पाहिजे. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं तर पहिल्या गटातले लोक गप्प होतात.

आकड्यांचा एक चकवाही समजून घ्यावा लागतो. एका वॉर्डात रोज सरासरी 25 पेशंट आहेत, महिना 30 दिवसांचा, म्हणजे 750 रुग्णदिवस. महिन्यात तीन जण पडले, तर दर हजार रुग्णदिवसांमागे चार. प्रशिक्षणानंतर हा आकडा सहावर गेला, तर बऱ्याच व्यवस्थापकांचा पारा चढतो. पण पहिल्या काही महिन्यांत वाढलेला आकडा बहुधा हेच सांगतो की लोक आता खरं लिहायला लागलेत. ज्या वॉर्डाचा आकडा वर्षभर शून्य आहे, तिथे मी आधी जाते.

आणि नोंद झाली की तिच्या मुळाशी जायचं. समजा, एक आजी रात्री तीन वाजता बाथरूमला जाताना पडल्या. फॉर्मवर लिहिलेलं असतं, "पेशंट न सांगता उठली." आता विचारत चला. न सांगता का उठली? बेल वाजवता आली नाही. का? बेलची दोरी बेडच्या मागे लटकत होती. का? बेड हातभर सरकवला होता. का? पावसाळा, डेंग्यू-मलेरियाचे पेशंट वाढले, मध्ये जादा बेड घातला. आणि रात्री तीनलाच उठावं का लागलं? लघवी होण्याची गोळी रात्री आठला दिली जात होती. आता उपाय समोर दिसतात: गोळी सकाळी द्या, जादा बेड घातला की बेल हाताला लागते का ते बघा, रात्री ठरलेल्या वेळी वयस्कर पेशंटना उठवून बाथरूमला न्या. "सर्वांनी अधिक दक्ष राहावे" असं परिपत्रक काढून यातलं काहीही झालं नसतं.

प्रशिक्षण देणारी असूनही सांगते, नुसतं प्रशिक्षण हा सुरक्षेचा सगळ्यात कमजोर उपाय आहे. माणूस दमतो, विसरतो, नोकरी सोडून जातो. चूक करताच येणार नाही अशी रचना नेहमीच जास्त ताकदीची. भुलीच्या यंत्रावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचं छोटं सिलिंडर बसू नये म्हणून दोन्हींच्या खाचा वेगवेगळ्या जागी दिलेल्या असतात. तीव्र पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, म्हणून ते वॉर्डाच्या कपाटात ठेवायचंच नाही, फक्त कुलपात किंवा फार्मसीत. चांगल्या प्रशिक्षणाने कर्मचाऱ्यांना अशा रचना मागायला शिकवलं पाहिजे.

मावशी आणि मामा कुठे आहेत

बहुतेक प्रशिक्षणं इंग्रजीत, स्लाइडवर, दुपारी जेवणानंतर एसी हॉलमध्ये होतात आणि त्यात मावशी, मामा, सफाई कर्मचारी नसतात. ते कंत्राटी असतात, त्यांचा रोज बुडेल म्हणून ठेकेदार सोडत नाही. पेशंटला स्ट्रेचरवर घेणारे तेच, फरशी ओली करणारे तेच, आणि वापरलेली सुई चुकीच्या पिशवीत पडली तर ती टोचते त्यांनाच. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताने माखलेले बोळे पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्यात. हे त्यांना वॉर्डातच, हातात वस्तू देऊन, मराठीत नाहीतर हिंदीत दहा मिनिटांत शिकवता येतं. पेशंट गळून पडलेला, वेगळा दिसतोय, हेही बऱ्याचदा आधी मावशींच्या लक्षात येतं. ते कुणाला सांगायचं, हे त्यांना माहीत हवं. आणि सांगितल्यावर सिस्टरने ऐकलं पाहिजे.

शिकायचं कुठे

खाजगी रुग्णालयांत हा विषय बहुधा एनएबीएचच्या मानांकनामुळे येतो. भारतीय गुणवत्ता परिषदेचं हे मंडळ 2005 मध्ये स्थापन झालं आणि 50 खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी त्याची वेगळी मानकं आहेत. मानकं राबवण्याबद्दलचे त्याचे छोटे अभ्यासक्रमही असतात. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं आहेत, स्वच्छतेसाठी 2015 पासून 'कायाकल्प' आणि प्रसूतिगृहांसाठी 2017 पासून 'लक्ष्य' हे सरकारी कार्यक्रम आहेत. ज्यांना यातच करिअर करायचंय, ते सीपीएचक्यू ही आरोग्यसेवेतल्या गुणवत्तेवरची आंतरराष्ट्रीय परीक्षा देतात किंवा देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी रुग्णालय प्रशासन शिकतात.

कोर्स निवडताना ब्रोशर बघू नका, एक प्रश्न विचारा: शिकून गेल्यावर वॉर्डात काय बदललं, हे तुम्ही तपासता का? अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण चार पातळ्यांवर मोजायला सांगितलं: लोकांना आवडलं का, त्यांना समजलं का, ते तसं वागायला लागले का, आणि त्यातून परिणाम बदलला का. आपल्याकडे पहिल्या पातळीवर फीडबॅक फॉर्म भरला जातो, दुसरीवर छोटी परीक्षा होते, आणि प्रमाणपत्र वाटून सगळे घरी जातात. तिसरी पातळी बघायची तर महिन्याभराने वॉर्डात जाऊन, कोपऱ्यात उभं राहून, सिस्टर पेशंटला नाव कसं विचारते हे बघावं लागतं. मानांकनाच्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने सगळ्यांना पाठांतर करायला लावलं, तर तपासणी पार पडेल, पण पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

उपनगरातल्या वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होमला मोठा कोर्स परवडत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना, दहा मिनिटं काढावीत. एका आठवड्याला एकच विषय आणि तो वॉर्डातल्या खऱ्या वस्तूंवर. बोलायला दर वेळी वेगळी व्यक्ती, आणि मालक डॉक्टर हजर.

आणि तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक म्हणून हे वाचत असाल, तर सुरक्षेच्या कामात तुमचाही हात लागतो. सिस्टरने दिवसातून चौथ्यांदा नाव विचारलं तर वैतागू नका, पूर्ण नाव सांगा. ॲडमिट होताना घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक काढेसुद्धा, एका पिशवीत घालून आणा आणि ॲलर्जी असेल तर प्रत्येक पाळीला सांगा. नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाची गोळी आली तर गिळायच्या आधी विचारा. डिस्चार्जच्या दिवशी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी-शेजारी धरा आणि एकेक गोळीवर बोट ठेवून विचारून घ्या: ही चालू ठेवायची, ही बंद, आणि ही नवी कशासाठी?